'फोल्डर लॉक' नावाचा पडदा

दरवर्षी कुठल्या ना कुठल्या ग्रुपचा मिनी-प्रोजेक्ट 'फोल्डर लॉक' असतोच. झकास लॉगिन स्क्रीन, पासवर्डच्या जागी चांदण्या, चुकलात तर लाल अक्षरात मेसेज! एक्स्टर्नलसुद्धा खूश. पण सोर्स कोड उघडून बघा. आत विंडोजच्या एपीआयमधला एकच कॉल सापडतो, सेटफाइलॲट्रिब्यूट्स. फोल्डरला हिडन आणि सिस्टिम हे दोन बिट लावले की झालं 'लॉक'. याला लॉक म्हणणं ही मला सरळसरळ फसवणूक वाटते. (माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे याहून सभ्य शब्द असेल तर संपादकांनी घालावा.)

आता जरा आकडे. विंडोज प्रत्येक फाइलचे हे गुणधर्म एकाच आकड्यात ठेवतं. रीड-ओन्ली १, हिडन २, सिस्टिम ४, फोल्डर असेल तर १६, अर्काइव्ह ३२. पद्धत डॉसच्या जमान्यातली. फॅट फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलची ३२ बाइटची नोंद असते, त्यातला एक बाइट यासाठीच. साध्या फोल्डरचा आकडा १६, 'लॉक' केल्यावर २२. डेटा होता तिथेच, होता तसाच! फक्त एक्सप्लोरर तो दाखवत नाही. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा, फोल्डर समोर हजर.

शॉर्टकट व्हायरसही नेमकं हेच करतो, म्हणून हा विषय काढला. आमच्या हॉस्टेलमधल्या सेकंड इयरच्या एका मुलीच्या पेनड्राइव्हमध्ये सबमिशनच्या आदल्या आठवड्यात शॉर्टकटशिवाय काहीच दिसेना. बाहेरच्या एका दुकानात "डेटा उडाला" म्हणून सांगितलं आणि फॉरमॅट मारून दिलं, वर पैसेही घेतले. बिचारीने सर्व्हेचा अख्खा रिपोर्ट चार रात्री जागून परत केला. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये वापरलेली जागा किती, एवढं जरी कुणी पाहिलं असतं तरी कळलं असतं की माल आतच आहे. आधी ॲन्टिव्हायरस चालवायचा, मग ॲट्रिब कमांडने एच आणि एस दोन्ही एकाच वेळी काढायचे. नुसता एच काढायला गेलात तर सिस्टिम फाइल म्हणून ती कमांड नकार देते.

आता जर्नलमधल्या प्रोग्रॅमबद्दल, आणि हे सरांनीही वाचावं अशी इच्छा आहे. आपण फाइल लपवायला सेटफाइलॲट्रिब्यूट्सला थेट २ देतो. पण हा कॉल जुन्यात भर घालत नाही, तो सगळा आकडाच बदलतो. फाइल रीड-ओन्ली आणि अर्काइव्ह असेल, म्हणजे ३३, तर आपल्या २ ने तिचं रीड-ओन्ली गुपचूप जातं. आधी गेटफाइलॲट्रिब्यूट्सने ३३ वाचा, त्यात २ 'ऑर' करा, ३५ लिहा. याहून मोठी गंमत म्हणजे फाइल सापडली नाही तर गेटफाइलॲट्रिब्यूट्स ३२ च्या ३२ बिट 'एक' असलेला आकडा परत देतं. तो तपासलाच नाही तर जी फाइल नाहीच, ती हिडन आहे, रीड-ओन्ली आहे आणि शिवाय फोल्डरही आहे, असं आपला प्रोग्रॅम छातीठोकपणे सांगतो! व्हायवाला हे विचारायला हवं. विचारतात काय, तर 'एपीआयचा लाँगफॉर्म सांगा'.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या 'लॉक'मध्ये एन्क्रिप्शन नाही किंवा निदान एनटीएफएसच्या परमिशन्स नाहीत, त्या प्रोजेक्टला ते नाव देऊ नये. 'फोल्डर पडदा' म्हणा, मार्क तेवढेच द्या, आमची हरकत नाही. आणि लॅबच्या दारावर ॲट्रिबची ती एक ओळ मोठ्या अक्षरात लावा. पेनड्राइव्ह 'रिकामा' झालेलं कुणीतरी दर सबमिशनला येतंच.