जागा नव्हती म्हणे!

कुलाब्याच्या अफगाण चर्चचा विषय निघाला की आपल्यात हमखास दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, इंग्रजांची खूण, कशाला जपायची? दुसरी म्हणते, वा, काय गॉथिक आहे! मला दोघींशीही भांडायचंय, कारण दोघींनीही तिथला मजकूर वाचलेला नाही.

देखणेपणाबद्दल वाद नाहीच. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा, पायाभरणी १८४७ची, चर्च खुलं झालं १८५८मध्ये. कुर्ल्याचा पिवळसर दगड, टोकदार कमानी, विल्यम वेल्सच्या रंगीत काचा, विल्यम बटरफिल्डच्या नक्षीच्या, इंग्लंडहून आणलेल्या फरश्या. १८६५ला पूर्ण झालेला मनोरा तर जवळजवळ २०० फूट! बोरीबंदर, हायकोर्ट वगैरे सगळं नंतरचं. फोटो काढा, जरूर काढा.

पण हे स्मारक आहे राव. कोणाचं? १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत कामी आलेल्यांचं. अधिकाऱ्यांची नावं भिंतींवर आहेत. आणि साधे शिपाई? तिथला इंग्रजी लेख सांगतो, ते इतके होते की नावं लिहिणं शक्य नाही. म्हणजे जितके जास्त मेले तितकं कमी आठवायचं! फौजेबरोबर गेलेले भिस्ती, डोलीवाले, मोतद्दार यांचा तर त्यात उल्लेखही नाही.

"त्या काळी पद्धतच तशी होती" हे मला सांगू नका. त्याआधी पाव शतक याच कंपनी सरकारनं कोरेगाव भीमाच्या स्तंभावर साध्या शिपायांची नावं कोरली होती, त्यातली २२ महार शिपायांची. "तिथे मेलेले थोडे होते" हेही नको. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांवर नावं आहेत. जागा करायची म्हटली की होते. कुलाब्यात नक्षीला जागा झाली, माणसांना नाही.

आपल्या धंद्यातही प्रोजेक्ट गाजला की मेलमध्ये साहेबलोकांची नावं आणि शेवटी "अँड टीम". त्यावर आपण कँटीनमध्ये चडफडतो. मग इथे तेच दगडात दिसल्यावर गप्प का?

म्हणून, पाडू नका, झाकू नका, नावही बदलू नका. फक्त शेजारी मराठीत एक पाटी लावा : इथे ज्यांची नावं नाहीत ते कोण होते. जुन्या लष्करी कागदांत जी नावं सापडतील ती लिहा. त्यासाठी आता भिंत लागत नाही, एक फाइल पुरते. जागेची सबब संपली.