दंडाची वसुली म्हणजे सुरक्षा नव्हे

वाहतूक-दंडाची वसुली वर्षागणिक वाढत आहे, त्या अर्थी नागरिकांना शिस्त लागत असून रस्ते निर्धोक होत आहेत, आणि या दंडाला जो महसुलाचे साधन म्हणतो तो बेशिस्तांचा कैवारी होय, असा निर्वाळा एका अनुभवी लेखक-महाशयांनी नुकताच मोठ्या अधिकारवाणीने दिला आहे. दंड जबर असला की लोक भितात, आणि लोक भ्याले की अपघात टळतात, एवढाच त्यांच्या प्रतिपादनाचा इत्यर्थ आहे.

परंतु गुन्हा थांबावा म्हणून जी शिक्षा योजलेली असते, ती सफल झाल्यास तिचे उत्पन्न उत्तरोत्तर घटावयास हवे. रोगी वाढले म्हणून आपल्या औषधाचा गुण सिद्ध झाला, असे कोणताही वैद्य म्हणणार नाही. चौकाचौकांत कॅमेरे बसले म्हणून आकडा फुगला, असे उत्तर मिळेल. ते खरेही असेल, पण मग वाढली ती पाळत, शिस्त नव्हे. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या सुधारित कायद्याने हेल्मेट न घालण्याचा दंड १०० रुपयांवरून १,००० वर नेला. तरीही २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. मृत्यूची कारणे अनेक असतात हे मी मान्य करतो; महाशयांनी श्रेय वाटताना ते मान्य केलेले नाही.

माझा मुख्य आक्षेप याहून निराळा आहे. शिक्षेला अर्थ येतो तो कसूर आणि दंड यांच्यातील अंतर अल्प असल्यामुळे. गेल्या वर्षी माझ्या फोनवर चलानाचा संदेश आला, तो पाच महिन्यांपूर्वीच्या एका सायंकाळचा होता. त्या सायंकाळी मी कोठे निघालो होतो हेदेखील मला आठवेना. सोबतच्या छायाचित्रात माझी दुचाकी सिग्नलपाशी उभी होती आणि पुढचे चाक झेब्रा पट्ट्यावर आल्याचा आरोप होता. मी ते छायाचित्र मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले, तर त्यात डांबर होते, एक बुजवलेला खड्डा होता, पावसातून उरलेले पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके होते, पट्टा मात्र नव्हता. दंड मी भरला. पण या पाच महिन्यांत मी त्याच चौकातून शंभर वेळा तरी गेलो असेन, आणि चूक असलीच तर ती शंभर वेळा केली असेल. ती सुधारावी अशी कोणाचीच इच्छा दिसली नाही. अशी नोटीस १५ दिवसांत पाठवावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १६७-अ हा नियमच सांगतो. जे खाते नागरिकाकडून नियमाचे अक्षरशः पालन मागते, त्याने स्वतःवरील मुदत मोडावी आणि तरीही शिस्तीच्या नावाने पैसे घ्यावेत, हे मला असह्य वाटते. पुढे थकबाकी साचली की सवलत निघते: तेलंगणाने २०२२ साली दुचाकीस्वारांना चौथा हिस्सा भरून घेऊन मोकळे केले, कर्नाटकाने २०२३ साली निम्म्यावर सोडले. बाकी वसूल व्हावी म्हणून सूट देणे हा जमाबंदीचा शिरस्ता आहे. पेशवाईत वादात हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ नावाचा दंड आणि जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ नावाची रक्कम घेऊन दोन्ही सरकारजमा होत. पण त्या वेळच्या कारकुनाने त्या जमेला लोकशिक्षणाचे नाव दिले नव्हते.



दंड नकोच, असे माझे म्हणणे नाही. मद्य पिऊन किंवा उलट दिशेने येणाऱ्यास तेथेच अडवावे आणि कठोर दंड करावा; अतिवेगावर कॅमेरा अवश्य असावा, कारण सरकारी अहवालांप्रमाणे सर्वाधिक बळी वेगाचेच आहेत. पण १५ दिवसांत न पोहोचलेले चलान रद्द समजावे, चौकातून जमलेली रक्कम प्रथम त्याच चौकाच्या दुरुस्तीला लावावी, आणि सदोष रस्ता बांधणाऱ्या मक्तेदारास १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगणारे कलम १९८-अ त्याच सुधारित कायद्यात आहे, त्याची अंमलबजावणी दुचाकीस्वारावरील कारवाईइतक्याच तत्परतेने व्हावी.

त्या चौकातील पट्टा अद्याप रंगवलेला नाही. शाळा सुटण्याच्या वेळी एक आजी नातवाचे दप्तर खांद्याला लावून, त्याचे मनगट घट्ट धरून, कॅमेऱ्याच्या खांबाखाली वाहनांत खंड पडण्याची वाट पाहत उभ्या असतात.