एमएस-सीआयटी, टायपिंग, कोपा की बीसीए? कोणत्या ‘कम्प्युटर कोर्स’ने कोणती नोकरी मिळते?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एक सल्ला हमखास मिळतो: ‘एखादा कम्प्युटरचा कोर्स करून टाक, ऑफिसात कुठेही नोकरी लागेल.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. महाराष्ट्रात ‘कम्प्युटर कोर्स’ म्हटलं की किमान चार वेगळ्या गोष्टी डोळ्यांसमोर येतात: एमएस-सीआयटी, टायपिंगचं सरकारी प्रमाणपत्र, आयटीआयमधला ‘कोपा’ आणि तीन वर्षांचं बीसीए. यातल्या एकाने मिळणारी नोकरी दुसऱ्याने मिळेलच असं नाही. अनेकांना हे कळतं ते थेट भरतीची जाहिरात वाचताना.

पदवी आहे, तरी अर्ज भरता येत नाही

राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदाचंच उदाहरण घ्या. पदवी कोणत्याही शाखेची चालते. पण त्यासोबत मराठी टंकलेखनाचं मिनिटाला ३० शब्दांचं किंवा इंग्रजीचं ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे जावा आणि डेटाबेस शिकलेला बीसीए पदवीधरही या प्रमाणपत्राशिवाय पात्र ठरत नाही, आणि कला शाखेचा पदवीधर ठरतो. टायपिंगची ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, आणि ती आता संगणकावरच होते. त्यापुढे लोकसेवा आयोगाच्या भरतीत टंकलेखन कौशल्य चाचणीही द्यावी लागते. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय तिथे उपयोगी पडत नाही. इन्स्क्रिप्ट किंवा रेमिंग्टनसारखा कळफलक बोटांत बसलेला असावा लागतो, आणि त्याला काही महिन्यांचा रोजचा सराव लागतो.

एमएस-सीआयटीचं काम याहून मर्यादित आहे. २००१ मध्ये ‘एमकेसीएल’ने हा कोर्स सुरू केला तो संगणक साक्षरतेसाठी, आणि सरकारी नोकरीतली संगणक ज्ञानाची अट पूर्ण करायला तो आजही चालतो. खासगी कंपनीत मात्र त्याला फारसं वजन नाही. एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवता येतात का, पिव्होट टेबल करता येतं का, टॅलीत जीएसटीची नोंद जमते का, हे तिथे समोर बसवून बघतात.

दुर्लक्षित राहिलेला ‘कोपा’

‘कम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट’ हा आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड. दहावी पास विद्यार्थ्याला प्रवेश मिळतो आणि सरकारी आयटीआयची फी खासगी कॉलेजच्या तुलनेत किरकोळ असते. ऑफिस सॉफ्टवेअर, नेटवर्किंगची ओळख, वेब पेज, डेटाबेस, सायबर सुरक्षा असं बरंच काही त्यात आहे. मोठा फायदा पुढचा: ट्रेड पूर्ण केल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली सरकारी उपक्रमांत किंवा कंपन्यांत विद्यावेतनासह अप्रेंटिसशिप करता येते. तरीही आयटीआय म्हणजे वेल्डर-फिटर असा समज पक्का असल्याने, ऑफिसची नोकरी हवी असलेली मुलं तिकडे फिरकत नाहीत. घरच्यांना ‘ग्रॅज्युएशन’ सांगायला बरं वाटतं, हेही खरंच.

बीसीएचा गोंधळ

बीसीए २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आलं. त्यामुळे राज्यात बीबीए, बीएमएस आणि बीसीएसाठी पहिल्यांदा सीईटी झाली. या अभ्यासक्रमांच्या जागा होत्या एक लाखाच्या वर, आणि मे महिन्यात परीक्षा दिली पन्नास हजारांहूनही कमी जणांनी. अनेकांना सीईटी आहे हेच माहीत नव्हतं. मग ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. दरम्यान काही कॉलेजांनी नावं बदलून जवळपास तेच विषय बीकॉम किंवा बीएस्सीच्या छत्राखाली शिकवायला घेतले. त्यात पुणे विद्यापीठाचं ‘बीबीए (सीए)’ आधीपासून आहेच. तिथला ‘सीए’ म्हणजे कम्प्युटर अॅप्लिकेशन, चार्टर्ड अकाउंटंट नव्हे, हे पालकांना दरवर्षी समजावून सांगावं लागतं.

मुळात बीसीए आखलं गेलं ते सॉफ्टवेअर क्षेत्रासाठी. पण प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच मुलांची सुरुवात सपोर्टच्या नोकरीतून होते. पासवर्ड बदलून देणं, प्रिंटर जोडून देणं, तक्रारीचं ‘तिकीट’ नोंदवून वरच्या पातळीवर पाठवणं, तेही रात्रपाळीत. या कामाला प्रोग्रामिंगपेक्षा नेटवर्किंगची समज आणि फोनवर नीट बोलता येणं जास्त लागतं. या दोन्हींचा अभ्यासक्रमातला वाटा मात्र तुलनेने छोटा असतो.

एआयचा फटका कुणाला?

वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या अहवालात सर्वात वेगाने घटणाऱ्या कामांत डेटा एन्ट्री क्लार्क आहेत, आणि संख्येने जास्त घटणाऱ्यांत कार्यालयीन सहायक. सपोर्टमधली पहिली पायरीही चॅटबॉटकडे सरकते आहे. पासवर्ड बदलायला माणूस कशाला, असं कंपनी विचारणारच. प्रत्यक्ष मशीन उघडून दुरुस्त करणं, ऑफिसचं नेटवर्क सांभाळणं किंवा हिशेबातली चूक शोधणं इतक्या सहज जाणार नाही.

सरकारी कार्यालयांत वेगळाच पेच आहे. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. सहा महिन्यांसाठी बारावी पासला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन. अनेक प्रशिक्षणार्थी कार्यालयांत संगणकावरची कामं करू लागले. पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढली, पण कायम नोकरीची हमी योजनेत कधीच नव्हती. मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थी आंदोलनासाठी रस्त्यावर उतरले.

त्यामुळे प्रवेश घेण्याआधी कॉलेजला तीन गोष्टी लेखी विचारायला हरकत नाही: कोर्सला एआयसीटीईची मान्यता आहे का, आठवड्याला प्रत्यक्ष लॅबचे तास किती, आणि मागच्या बॅचची मुलं नेमक्या कोणत्या पदावर लागली. ‘१०० टक्के प्लेसमेंट’च्या फलकावर कंपन्यांचे लोगो असतात. पदाचं नाव आणि पगार मात्र क्वचितच लिहिलेला असतो.