कुठला पॅन?

संध्याकाळी दादरच्या इंडिकेटरवर ‘एस’ लागला की अंबरनाथ-बदलापूरची माणसं ओळखतात : कर्जत गाडी. त्याच ओळीत शेवटी पुन्हा ‘एस’ असेल तर ती स्लो. रोजच्या प्रवाशाला हे पाठ असतं. नवख्याला शेजारचा सांगतो.

कोडमध्ये हा शेजारचा नसतो. तो कधीच कंपनी सोडून गेलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे : कॉमेंटमध्ये लघुरूप पहिल्यांदा आलं की तिथेच त्याचा पूर्ण अर्थ लिहा. ‘टीममध्ये सगळ्यांना माहीत आहे’ ही सबब झाली. सगळे म्हणजे फक्त आजचे सगळे.

समजा, पेमेंटच्या कोडमध्ये कॉमेंट आहे, ‘पॅन जसाच्या तसा साठवा.’ कुठला पॅन? आयकर खात्याचा पॅन म्हणजे पर्मनंट अकाउंट नंबर : 5 अक्षरं, 4 अंक, 1 अक्षर. कार्डांच्या धंद्यात पॅन म्हणजे प्रायमरी अकाउंट नंबर, म्हणजे कार्डावरचा बहुधा 16 आकडी नंबर. तो उघडा साठवायला कार्ड उद्योगाच्या सुरक्षा नियमांत मनाई आहे. तीन शब्द वाचवले आणि ग्राहकांचे कार्ड नंबर डेटाबेसमध्ये उघडे पडले, तर कोण भरून देणार?

उल्हासनगरचा जुना विनोद आठवा. मालावर ‘मेड इन यूएसए’. गिऱ्हाईक समजतं अमेरिका, पण अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन! अर्थ सांगितला नाही की वाचणारा स्वतःचा अर्थ घालतो. बाजारात यावर हसता येतं, प्रॉडक्शनमध्ये नाही.

काही जण म्हणतात, चांगल्या कोडला कॉमेंट लागत नाही. मग व्हेरिएबलचं नाव ‘कार्ड नंबर’ ठेवा, माझी हरकत नाही. पण ‘पॅन’ ठेवायचं, कॉमेंटही टाळायची आणि वर ‘क्लीन कोड’ म्हणायचं, हा आळस आहे.

एचटीटीपी, यूआरएल उलगडू नका. ते कुठेही सापडतं. घरगुती आणि दुहेरी अर्थाची लघुरूपं मात्र सर्चमध्ये सापडत नाहीत. ती विचारावी लागतात. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यातली मुलगी भर मीटिंगमध्ये विचारत नाही. अंदाज बांधते आणि कोड लिहिते. चूक झाली की तिला ‘कच्ची’ म्हणतात. लघुरूप लिहिणाऱ्या सीनिअरचं नाव कोणी घेत नाही.

पुढच्या रिव्ह्यूमध्ये अर्थ न दिलेलं लघुरूप दिसलं, तर मंजुरी देऊ नका. कोणाचंही असो.