मडगार्डच्या आतला चिखल



पावसाळ्यात आपल्या दारात दोन प्रकारच्या गाड्या दिसतात. एक दर रविवारी वॉशिंग सेंटरला जाऊन फेसात न्हाऊन आलेली. दुसरी, "चातुर्मासात पाण्याची विराधना नको" म्हणून चार महिने पाणीच न लागलेली. माझं मत विचाराल तर दोन्ही घरांची नजर चुकीच्या जागी आहे. बॉनेटवर आणि दारांवर चार दिवस धूळ राहिली तर गाडीचं फारसं काही बिघडत नाही. खरी घाण साठते ती चाकाच्या वर, मडगार्डच्या आतल्या पोकळीत. तिथं कुणी वाकून बघतच नाही.

आपल्या सांगली-कोल्हापूरकडची काळी माती कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको. ओली असताना लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. मळ्यातल्या वस्तीवर एक फेरी झाली, की चाकानं वर फेकलेला चिखल आत थापला जातो. पुढच्या चाकांवर बहुतेक गाड्यांत काळ्या प्लास्टिकचं अस्तर असतं, मेकॅनिक त्याला लायनर म्हणतात. मागच्या बाजूला काही गाड्यांत नुसताच पत्रा असतो. पण सगळ्यात वाईट जागा म्हणजे मडगार्डची कड. तिथं पत्रा आत दुमडलेला असतो, त्याची छोटी पन्हळ होते. त्या पन्हळीत माती, उसाचं पाचट, झाडाची पानं जाऊन बसतात आणि ओल धरून ठेवतात. वर ऊन पडून गाडी खडखडीत वाळलेली असते, आत पत्रा ओलाच. गंज आतून लागतो. बाहेरच्या रंगाला फोड आलेला दिसतो तेव्हा आतला पत्रा बराचसा गेलेला असतो. कोकणात माहेर असलेल्या मैत्रिणींना हे जास्त लवकर कळतं, कारण तिथं खारी हवा मदतीला असते.

आता पाण्याच्या विराधनेचा प्रश्न. तो मी हसण्यावारी नेत नाही. पण ओल, अंधार आणि कुजणारा पाला एकत्र आला की काय होतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? आपण ओला फडका ओट्यावर बोळा करून टाकत नाही, पिठाच्या डब्याला ओला हात लावत नाही. का, तर जीवोत्पत्ती होऊ नये म्हणून. तोच नियम स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी का थांबावा? चार महिने चिखल तसाच ठेवायचा आणि दिवाळीला प्रेशरच्या पाण्यानं शेवाळ, किडे, कोळी सगळं एका झटक्यात उडवून द्यायचं, याला मी व्रत म्हणणार नाही. तो प्रमाद आहे. त्यापेक्षा त्याच दिवशी, चिखल मऊ असताना, गाळलेल्या पाण्याची एक बादली पुरते.

आणि हे काम उजेडातच करायचं. रात्री बल्ब लावून नाही, त्या अंधाऱ्या खोबणीत काय बसलंय ते दिसत नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून उभी करा. लांबून आला असाल तर ब्रेक निवू द्या, तापलेल्या डिस्कवर गार पाणी टाकू नये. बंद करण्याआधी स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून ठेवलं की पुढच्या चाकामागं हात जायला जागा होते. मग टॉर्च मारून आधी बघा. कुंभारणीचं मातीचं घर, गांधीलमाशीचं पोळं, कधी उंदरानं चिंध्या आणून केलेलं बीळ, काहीही असू शकतं. थंडीत मांजरीचं पिल्लू उबेसाठी टायरवर चढून बसतं, म्हणून आमच्या घरी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारायची पद्धतच आहे. गाडी दोन-तीन दिवसांतून एकदा हलती ठेवली तर बहुतेक जीव तिथं घर करायला येतच नाहीत. हाच सगळ्यात चांगला उपाय.

चिखल भिजवायचा, मऊ ब्रशनं सोडवायचा, कडेच्या पन्हळीतून बोटं फिरवायची (हातमोजा घाला, पत्र्याची धार लागते) आणि मग मगानं पाणी सोडायचं. रबराची घडीदार टोपणं आणि चाकाकडे जाणारी बारीक वायर यांना ओढू-खरवडू नका. वॉशिंग सेंटरवाल्यालाही सांगा, की तिथं जवळून प्रेशर मारू नकोस. काम झाल्यावर गाडी थोडी फिरवून दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबा, म्हणजे तो कोरडा होतो.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही, ती म्हणजे डिझेलचा फवारा. "ताई, खालून चकाचक दिसेल" म्हणून मुलं भसाभसा मारतात. दिसतं चकाचक, दोन दिवस. डिझेलनं रबर फुगतं, वर धूळ आणखी चिकटते आणि ते सगळं धुऊन जमिनीत जातं ते वेगळंच. गंजरोधक काळं कोटिंग चांगलं असतं, पण ते स्वच्छ आणि कोरड्या पत्र्यावर. चिखलावर मारलं तर ओल आत कोंडते आणि वरून कुणाला दिसतही नाही. पैसे देऊन गंज झाकून घेण्यातला प्रकार. म्हणून कोटिंगच्या आधी आत धुऊन वाळवलंय का, हे आपण स्वतः वाकून बघावं. "तुम्हाला त्यातलं काय कळतं" असं कुणी म्हटलं तरी बघावं. पुरणाचा कट किती आटला हे ज्यांना नुसत्या नजरेनं कळतं, त्यांना ओला पत्रा कळणार नाही होय?

पावसाळा संपला की सर्व्हिसिंगला एकदा पुढचे लायनर काढून मागचा पाला झाडून द्यायला सांगा. बऱ्याच गाड्यांत काचेखालचं पावसाचं पाणी याच बाजूनं खाली उतरतं, आणि पाला अडकला की ते तुंबतं. लायनरच्या प्लास्टिक क्लिपा काढताना हमखास तुटतात. त्या नव्या बसवल्या का ते मोजून घ्या, नाहीतर सैल लायनर टायरला घासत राहतो. आणि परत बसवायच्या आधी मला बोलवा, असं त्यांना आधीच सांगून ठेवा. आमचे हे आता मलाच पाठवतात.