सर्व्हरची मुदत आणि हंगामाचे वेळापत्रक

सर्व्हर सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीला दोन तारखा असतात. एक ती बाजारात येण्याची आणि दुसरी तिच्यासाठी सुरक्षा दुरुस्त्या मिळणे बंद होण्याची. पहिल्या तारखेची बातमी होते, दुसरीची सहसा होत नाही. मात्र साखर कारखान्याचा ईडीपी (संगणक) विभाग, पतसंस्था, दूध संघ, बाजार समिती किंवा महाविद्यालय यांच्या दृष्टीने दुसरीच तारीख मोलाची आहे. त्या दिवशी सर्व्हर बंद पडत नाही, दुसऱ्या दिवशीही तो नेहमीसारखाच चालतो, आणि म्हणूनच ती तारीख कोणाच्या ध्यानात राहत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न मोठा आहे, कारण इथला पैसा सहकारी संस्थांमधून फिरतो. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात याच जिल्ह्यात, प्रवरानगरला झाली. आज कारखान्यात उसाची नोंद, तोडणीचा क्रम, वजनकाट्यावरची पावती, वाहतूकदाराचा हिशेब आणि शेतकऱ्याचे बिल हे सारे एकाच डेटाबेसमध्ये असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. वजनकाट्याचा संगणक सर्व्हरपासून तुटला तर ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. विविध कार्यकारी सोसायट्यांचे चित्र थोडे वेगळे आहे. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात सॉफ्टवेअर सामायिक आहे, त्यामुळे गटसचिवाच्या टेबलाखाली सर्व्हर ठेवण्याची गरज उरत नाही. कारखाने, पतसंस्था आणि महाविद्यालये यांचा सर्व्हर मात्र अजून बहुतेक ठिकाणी त्यांच्याच आवारात असतो.

विंडोज सर्व्हर २०२५ ही आवृत्ती १ नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांसाठी उपलब्ध झाली. जुन्या सर्व्हरवर अडकलेल्या संस्थांसाठी तिच्यातली सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वरून थेट तिच्यावर येता येते. पूर्वी मधल्या आवृत्तीचा टप्पा घ्यावा लागे आणि त्या दुहेरी कामाच्या धास्तीनेच अनेक जण जागचे हलत नसत. २०१२ आर२ ची नियमित मुदत १० ऑक्टोबर २०२३ लाच संपली. पैसे मोजून मिळणारी वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. नव्या आवृत्तीत ओळख पटवण्याच्या एनटीएलएम पद्धतीची पहिली, कमकुवत आवृत्ती काढून टाकली आहे. सर्व्हरने दुसऱ्या यंत्रावरच्या शेअर फोल्डरशी जोडणी करताना स्वाक्षरी असणेही आता मुळातच सक्तीचे आहे. हा बदल सुरक्षिततेसाठी चांगला आहे. मात्र बॅकअप एखाद्या जुन्या नॅस बॉक्सवर (नेटवर्कवरच्या साठवण यंत्रावर) जात असेल आणि त्याला ही स्वाक्षरी येत नसेल, तर स्थलांतर झाल्या रात्रीपासून बॅकअप थांबतो. सर्व्हर चालू, बिले निघताहेत, कोणाची तक्रार नाही, आणि बॅकअप मात्र घेतलाच जात नाही, असा हा धोका आहे. रिलीज नोट्समधले असे एक वाक्य जाहिरातीतल्या वीस वैशिष्ट्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचावे लागते.

लिनक्सच्या बाजूला गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा धक्का सेंटओएसचा होता. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सची मोफत प्रतिकृती म्हणून असंख्य वेब आणि डेटाबेस सर्व्हर तिच्यावर उभे होते. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल असे आधी सांगितले गेले होते. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली की तो ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. सेंटओएस ७ ची मुदतही ३० जून २०२४ ला संपली. ही पोकळी अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोन मोफत वितरणांनी भरून काढली. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सची दहावी आवृत्ती मे २०२५ मध्ये आली. तिला साधारण २०१३ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या सर्व्हरसाठी अल्मालिनक्सने दहाव्या आवृत्तीची वेगळी बांधणी उपलब्ध ठेवली आहे. दहा-बारा वर्षे वापरलेले यंत्र लगेच मोडीत काढणे परवडत नाही, अशा संस्थेला हा मोठा दिलासा आहे. उबुंटूची २४.०४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिल २०२४ मधली असून तिला २०२९ पर्यंत नियमित दुरुस्त्या मिळतात. डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली.

डेटाबेसच्या तारखा त्याहून महत्त्वाच्या, कारण खरा ऐवज तिथेच असतो. एसक्यूएल सर्व्हर २०१६ ची मुदत १४ जुलै २०२६ ची आहे, तर मायएसक्यूएल ८.० ची एप्रिल २०२६ ची. त्यानंतरची दीर्घ मुदतीची आवृत्ती ८.४ आहे. पोस्टग्रेसची दर वर्षी नवी मुख्य आवृत्ती येते आणि प्रत्येकीला पाच वर्षे आधार मिळतो. अठरावी सप्टेंबर २०२५ मध्ये आली. एसक्यूएल सर्व्हर २०२५ च्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीत डेटाबेसची मर्यादा १० जीबीवरून ५० जीबीवर नेली आहे. लहान पतसंस्थांची कितीतरी पॅकेजे एक्सप्रेसवरच चालतात, तेव्हा लायसन्सचा खर्च टाळून नव्या आवृत्तीवर जाण्याची सोय त्यांना आता झाली आहे. सॉफ्टवेअर पुरवणारा व्हेंडर आपले पॅकेज या आवृत्तीवर चालते असे लेखी देतो का, एवढे मात्र आधी विचारावे.

मुदत संपलेले किंवा दुरुस्ती न बसवलेले सॉफ्टवेअर काय करते, याचे महाराष्ट्रातले उदाहरण जून २०१७ चे आहे. नॉटपेट्या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे काम ठप्प झाले. विषाणू ज्या मार्गांनी पसरला, त्यांतल्या एकावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दुरुस्ती दिली होती. सहकारी बँकांना थेट झळ बसली ती जुलै २०२४ मध्ये. लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजच्या यंत्रणेत रॅन्समवेअर शिरले. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने खबरदारी म्हणून त्या कंपनीची जोडणी तात्पुरती तोडली आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे युपीआय व एटीएम व्यवहार थांबले. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार हल्ल्याची सुरुवात एका सहयोगी कंपनीच्या, नीट न जुळवलेल्या जेन्किन्स (सॉफ्टवेअर बांधणीचे साधन) सर्व्हरवरून झाली. जेन्किन्समधल्या त्या उणिवेवर दुरुस्ती असलेली आवृत्ती २४ जानेवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाली होती. म्हणजे सहा महिने उपाय हाताशी होता. ज्या बँकांचे व्यवहार थांबले, त्यांच्या कर्मचाऱ्यांनी जेन्किन्सचे नावही कदाचित ऐकले नसेल. वार्षिक देखभाल करार (एएमसी) करताना पुरवठादार आपले सर्व्हर किती दिवसांत अद्ययावत करतो, हे कलम करारात असायला हवे ते यासाठी.

याचा अर्थ आलेले प्रत्येक अपडेट त्याच क्षणी बसवावे असा नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये काही कंपन्यांचे विंडोज सर्व्हर २०२२ रातोरात २०२५ वर गेले; अपडेट वाटणाऱ्या एका त्रयस्थ साधनाने संपूर्ण नव्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्ती समजून बसवून टाकले होते. नव्या आवृत्तीचे लायसन्स हातात नाही आणि मागे फिरण्याचा सोपा रस्ताही नाही, अशा कोंडीत त्या कंपन्या सापडल्या. योग्य रीत मधली आहे. मायक्रोसॉफ्टच्या मासिक दुरुस्त्या दुसऱ्या मंगळवारी, भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहा किंवा साडेअकराला येतात. बुधवारी सकाळी ज्ञात अडचणींची यादी वाचावी, चाचणीच्या यंत्रावर त्या बसवाव्यात, दोन-तीन दिवस बिलांचे नि पावत्यांचे काम त्यावर करून पाहावे आणि मग मुख्य सर्व्हरला हात लावावा. इंटरनेटवरून थेट पोहोचता येणाऱ्या सर्व्हरला मात्र इतकी सवड देता येत नाही. तिथे गंभीर उणिवेची दुरुस्ती त्याच दिवशी बसवण्याची तयारी हवी.

ही रीत अंगी बाणायची तर शिकण्याची जागा लागते, आणि ती आज जवळपास फुकट उभी करता येते. कार्यालयातून काढलेला, १६ जीबी मेमरी घातलेला एखादा डेस्कटॉप पुरेसा आहे. विंडोज सर्व्हरची मूल्यमापन प्रत १८० दिवस विनामूल्य चालते. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती शिकण्यासाठी व चाचणीसाठी मोफत आहे. रेड हॅट व्यक्तिगत विकसकांना १६ यंत्रांपर्यंत मोफत वर्गणी देते. अल्मा, रॉकी, डेबियन, उबुंटू तर खुलेच आहेत. त्या एका डेस्कटॉपवर तीन आभासी यंत्रे उभी करावीत: एक डोमेन कंट्रोलर, एक डेटाबेस सर्व्हर आणि एक लिनक्स. पहिला धडा नवे वैशिष्ट्य शिकण्याचा नसावा. मुख्य सर्व्हरचा कालचा बॅकअप, नावे आणि खाते क्रमांक झाकून, या यंत्रावर परत उभा करावा आणि एखाद्या गावातली उसाची नोंद त्यात बरोबर दिसते का ते पाहावे. पहिल्यांदा हे करताना अडचण येतेच. बॅकअप फाइल अपुरी निघते, पासवर्ड निवृत्त झालेल्या माणसाला ठाऊक असतो, नाहीतर पॅकेजची लायसन्स की नव्या यंत्रावर चालत नाही. हे सारे चाचणीच्या यंत्रावर उघड झाले तर नुकसान शून्य.

वाचनासाठी मायक्रोसॉफ्ट लर्न, रेड हॅट, उबुंटू व पोस्टग्रेस यांची अधिकृत कागदपत्रे मोफत आणि विश्वासार्ह आहेत. ‘डेबियन अॅडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक’ हे पुस्तकही खुले आहे. व्हिडिओ पाहून आज्ञा नकलण्यापेक्षा मूळ कागदपत्र सावकाश वाचणे जास्त फलदायी ठरते, कारण व्हिडिओतली आवृत्ती जुनी असते आणि आज्ञा बदललेली असते. इंग्रजीची अडचण असणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि बॅशवरचे पाठ मराठी ध्वनिमुद्रणासह आहेत. छोट्या पाठांत, स्वतःच्या संगणकावर सोबत करत जाण्याची त्यांची पद्धत तालुक्याच्या गावी एकट्याने शिकणाऱ्याला सोयीची आहे. पूर्ण वेळ शिकू शकणाऱ्यांसाठी पुण्याच्या सी-डॅकची पायाभूत यंत्रणा, सिस्टिम्स आणि सुरक्षा या विषयाची पदव्युत्तर पदविका आहे. प्रमाणपत्र घ्यायचेच असेल तर रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा अधिक भरवशाची, कारण तिच्यात पर्याय निवडायचे नसतात, यंत्रावर काम करून दाखवायचे असते. मायक्रोसॉफ्टची एमसीएसए आणि एमसीएसई ही जुनी प्रमाणपत्रे जानेवारी २०२१ मध्येच बंद झाली, तेव्हा नोकरीच्या जाहिरातीत ती मागणाऱ्या संस्थांनी मजकूर बदलायला हवा.

नियमांचाही अभ्यास याच शिक्षणाचा भाग आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सर्व्हरची घड्याळे प्रमाण वेळेशी जुळलेली ठेवावी लागतात. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट घालून दिली आहे. लॉग कुठे साठतात हेच माहीत नसेल तर सहा तास अपुरे पडतात.

लोणी, संगमनेर, कोपरगाव आणि विळद घाट इथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, त्यांच्या प्रयोगशाळाही आहेत. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प बहुधा मोबाइल अॅप किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेवर होतात. शेजारच्या पतसंस्थेचा मुदत संपलेला डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेण्याची तालीम हाही चांगला प्रकल्प आहे आणि त्यातून विद्यार्थी आणि पतसंस्था अशा दोघांचीही सोय होते. खरी अडचण शिकण्याच्या साधनांची नाही, वेळेची आहे. संगणक विभागातला माणूस प्रिंटरची शाई बदलण्यापासून सभेतला प्रोजेक्टर लावण्यापर्यंत सगळे करतो आणि सर्व्हरचा अभ्यास त्याने रात्री घरी करावा अशी अपेक्षा असते. आठवड्यातला अर्धा दिवस चाचणीच्या यंत्रासाठी राखून ठेवणे हा संचालक मंडळाने करायचा ठराव आहे.

कारखान्यात बिगर हंगामात गिरण्यांचे रोलर, बॉयलर, टर्बाइन उघडून दुरुस्त केले जातात आणि बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी सारे सज्ज असते. सर्व्हरचे नाव त्या देखभालीच्या यादीत घालणे अवघड नाही. विंडोज सर्व्हर २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७ ला, ऐन गळीत हंगामात संपते. त्या आठवड्यात स्थलांतर करणे कोणत्याही कारखान्याला शक्य नाही, म्हणून नवे यंत्र, लायसन्स, चाचणी आणि बॅकअपची तालीम हे सर्व २०२६ च्या पावसाळ्यात, मोळी टाकण्यापूर्वी पूर्ण करावे लागेल. त्याचे कोटेशन मागवताना आपल्याकडच्या प्रत्येक सर्व्हरची आवृत्ती आणि मुदतीची तारीख एका कागदावर लिहून संचालक मंडळासमोर ठेवावी.