‘लक्ष देत नाही’ हा शिक्का पुसा!

‘तुला कान आहेत की नाहीत?’ हा प्रश्न आपण मुलांना किती सहजपणे विचारतो! मूल गोंधळून पाहत राहते आणि प्रगतिपुस्तकावर शेरा उमटतो : ‘वर्गात लक्ष देत नाही.’ हा शेरा पुष्कळदा अन्यायाचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही मुलांचे कान निर्दोष असतात. श्रवणचाचणीत बारीक स्वरही त्यांना ऐकू येतो. अडचण असते ती कानांनी पोचविलेल्या ध्वनीचा मेंदूत उलगडा होण्याची. ‘दार’ आणि ‘तार’ यांच्या आरंभीचा भेद सेकंदाच्या काही शतांशांत सरतो. शांत खोलीत तो त्यांना उमगतो. पण पंख्यांची घरघर, शेजारच्या वर्गातले पाढे, बाकांची खरखर यांत शिक्षिकेचा आवाज विरघळून जातो. लांबलचक सूचनेचा पहिला भाग उलगडेतो उरलेला निसटतो. मग मूल पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारते आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

हे ज्ञान नवे नाही. अमेरिकेतील हेल्मर मायकलबस्ट यांनी १९५४ मध्येच मुलांच्या श्रवणदोषांवर ग्रंथ लिहून बहिरेपणाहून निराळ्या अडचणींची चिकित्सा केली. तरीही आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा श्रवणदोष डेसिबलनेच मोजतो : दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास असल्याखेरीज ‘कमी ऐकू येणे’ मान्य नाही. श्रवणचाचणीत उत्तीर्ण होणारे मूल या मापात बसणार कसे?

हा स्वतंत्र विकार की अवधान आणि भाषा यांतील अडचणींचेच एक रूप, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, हे मान्य. परंतु नावाचा वाद मिटेपर्यंत मुलाने शिक्षा का भोगावी? त्याला हवे ते फार थोडे आहे : पुढचा बाक, समोरून बोलणारा चेहरा, एका वेळी एकच सूचना, फळ्यावर लिहिलेला गृहपाठ.

आणि शाळेच्या इमारतींचे काय? रिकाम्या वर्गातला गोंगाट ३५ डेसिबलपलीकडे जाऊ नये, असे मानक अमेरिकेत २००२ मध्ये ठरले. आपण मात्र चकचकीत लाद्या बसवतो. आवाज किती घुमतो, हे कोण पाहतो?

पालकहो, शिक्षकहो, छडी उचलण्यापूर्वी मुलाला श्रवणतज्ज्ञाकडे न्या. वांद्र्याला १९८३ पासून वाचा व श्रवणदोषांसाठी राष्ट्रीय संस्था उभी आहे. ऐकत नाही, असे ज्याच्याविषयी आपण म्हणतो, त्याचे म्हणणे आपण तरी कधी ऐकले आहे काय?